बीपदादा

इंजिनिअरिंग कॉलेजातून काहीजण पास होऊन जातात आणि काहीजण नुसतेच पास होतात. आमच्या रोबोटिक्स टीमचा बीपदादा दुसऱ्या जातीचा. डिग्रीचं प्रमाणपत्र घरी भिंतीवर आहे, हिंजवडीत चांगली नोकरी आहे, हाताखाली माणसं आहेत; पण शनिवार उजाडला की हा वर्कशॉपच्या दारात हजर. "सहज आलो होतो, सर." हिंजवडीहून सहज कुणी कुठे जात नाही, हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मी या टीमचा फॅकल्टी को-ऑर्डिनेटर, म्हणजे सह्या करणारा. बीपदादाचं खरं नाव माझ्या जुन्या हजेरीपटात असेल, पण आता ते त्याच्या आईखेरीज कुणी वापरत नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा, त्याची दोन टोकं वायरच्या दोन टोकांना लावायची आणि कान देऊन ऐकायचं, हा त्याचा छंद. वायर अखंड असेल तर मीटर 'बीप' करतो, तुटली असेल तर गप्प राहतो. त्या आवाजावर याचा जेवढा विश्वास आहे तेवढा माणसांवर नाही. कुणी म्हणालं, "दादा, कनेक्शन चेक केलंय," की हा विचारतो, "मीटरनं की डोळ्यांनी?"

असा एकेक बीपदादा प्रत्येक टीमला असतो. स्पर्धेत तो चटकन ओळखता येतो. पिटमध्ये जायचा पास त्याच्याकडे नसतो, म्हणून तो रेलिंगवरून अर्धा खाली लोंबकळत असतो आणि तिथून "अरे, मेन स्विच! मेन स्विच!" असं ओरडत असतो.

दर वर्षी नवी पोरं टीममध्ये येतात ती डोक्यात एआय घेऊन. रोबोटला कॅमेरा असेल, तो स्वतः बघेल, स्वतः ठरवेल, जमलं तर प्रतिस्पर्ध्याच्या मनातलंही ओळखेल. बीपदादा सगळं शांतपणे ऐकून घेतो. मग चहाचा घोट घेऊन विचारतो, "ग्राउंड कॉमन केलंय का?" सभा संपते. कारण केलेलं नसतं. कंट्रोलरचा ग्राउंड आणि मोटर ड्रायव्हरचा ग्राउंड एकमेकांना जोडलेला नसेल, तर सिग्नलचे व्होल्ट मोजायचे कशापासून, हेच ठरत नाही. मग एआय कितीही हुशार असो, चाक आपल्या मर्जीनं फिरतं.

ब्रेडबोर्डवर त्याचा खास राग. "ब्रेडबोर्ड ही टेबलावरची वस्तू आहे, चाकांवरची नाही," असं तो सांगतो आणि न विचारता पोरांच्या रोबोटवरची जंपर वायर दोन बोटांनी हलकेच ओढतो. ती हातात येते. "ही मी ओढली. मैदानात धक्का ओढेल." मग झीरो पीसीबी, सोल्डर, लॉक असलेला कनेक्टर आणि प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकच नंबर. दोन्ही टोकांना, हे तो दोनदा सांगतो. आणखी एक गोष्ट तो सांगतो, ती कुठल्याही परीक्षेत विचारली जात नाही: स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या वायरच्या टोकाला सोल्डर लावायचं नाही. पोरांना वाटतं, सोल्डर लावलं की वायर पक्की. पण कथील मऊ. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू चेपत जातं, स्क्रू आहे तिथेच राहतो आणि चार दिवसांनी वायर सैल. तिथे फेरूल हवं. फेरूल म्हणजे वायरच्या टोकावर चेपून बसवायची बारीक धातूची नळी. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत मूठभर मिळतात. तेवढ्यासाठी मी मात्र आमच्या नियमाप्रमाणे तीन कोटेशन मागवतो. त्या गल्लीतला दुकानदार मूठभर फेरूलसाठी कोटेशन मागणाऱ्या मुलाकडे कसा बघतो, ते एकदा तरी बघून यावं.

ग्लू गनबद्दल त्याचं मत असं: "हे इंजिनिअरिंग नाही, हस्तकला आहे." तरी बसवलेला कनेक्टर निसटू नये म्हणून वर एक थेंब सोडायला त्याची परवानगी आहे. परवानगी मागावी लागते.

चाक शाफ्टवर घट्ट राहावं म्हणून तो शाफ्टची एक बाजू कानशीनं सपाट करायला लावतो, ग्रब स्क्रू बरोबर त्या सपाटीवर बसवायला लावतो, आट्यांना लॉकटाइट. एवढ्यानं त्याचं समाधान होत नाही. स्क्रूच्या डोक्यावरून हबवर एक सरळ रेघ मारायची. रेघ सरळ तर स्क्रू जागेवर. रेघ मोडलेली दिसली तर स्क्रू फिरलाय, हे पाना न लावता कळतं. या रेघेसाठी नेलपॉलिश उत्तम, असं सांगून त्यानं टीममधल्या मेकॅनिकल हेडकडे हात पुढे केला. ती म्हणाली, "दादा, मी लेथवर असते. मला नखं तरी दिसतायत का?" शेवटी त्यानं स्वतः लाल बाटली विकत आणली आणि बिल माझ्या टेबलावर ठेवलं. 'नेलपॉलिश, लाल, १ नग, रोबोटिक्स.' मी सही केली. अकाउंट्स विभागानं खुलासा मागवला. तो मी दिला, रेघेच्या आकृतीसह.

पण बीपदादाचं खरं रूप बघायचं तर रोबोट 'वेड्यासारखं करतोय' अशा रात्री बघावं. एका वर्षी आमचा रोबोट चालू व्हायचा, एक पाऊल टाकायचा आणि जागच्या जागी थिजायचा. पुन्हा आपोआप चालू, पुन्हा थिजलेला. पोरांनी कोड तपासला, मग बदलला, मग मुळापासून नवा लिहिला. फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल_नवा', 'फायनल_खरा' इथवर आली होती. बीपदादानं कोडकडे बघितलंही नाही. मला म्हणाला, "सर, ऑसिलोस्कोपसाठी एक सही लागेल." आमचा ऑसिलोस्कोप काचेच्या कपाटात असतो, पाहुण्यांना दाखवायला. तो आला. कंट्रोलरला जाणाऱ्या ५ व्होल्टच्या लाइनवर प्रोब लावला आणि म्हणाला, "आता चालव." मोटर सुटली, त्याच क्षणी पडद्यावरची सरळ रेघ खाली कोसळली आणि पुन्हा वर आली. मोटर थांबलेल्या अवस्थेतून सुटते तेव्हा नेहमीच्या धावण्यापेक्षा कितीतरी पट करंट ओढते. तेवढ्या ओढीनं बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर दबतो, त्याच तारेवर बसलेला कंट्रोलर उपाशी पडतो आणि रीसेट होतो. साधा मल्टिमीटर आकडा दाखवेपर्यंत हे सगळं घडून गेलेलं असतं, म्हणून बीपदादाचा लाडका मीटरही इथे आंधळा. उपाय काय, तर कंट्रोलरला वेगळी छोटी बॅटरी, दोन्हींचे ग्राउंड मात्र एकत्र. मोटरच्या वायरी जाड आणि शक्य तितक्या आखूड. मोटरला एकदम पूर्ण वेग न देता चढता वेग. पोरांनी तीन रात्री लिहिलेला कोड कचऱ्यात गेला. जुना परत टाकला, तो चालला. त्यावर हा काय म्हणाला? "जिथून धूर निघत नाही तिथे बिघाड नसतो असं नाही." आणि निघून गेला. असली वाक्यं टाकून निघून जायची त्याला वाईट खोड आहे.

लिपो बॅटरीच्या बाबतीत तो घरच्या म्हाताऱ्या माणसाइतका भित्रा आहे, आणि ते बरंच आहे. प्रत्येक बॅटरीवर चिकटपट्टी, तिच्यावर नंबर आणि चार्ज केल्याची तारीख. सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, ३.३ च्या खाली न्यायचा नाही, कपाटात ठेवायची तर ३.८ वर. फुगलेली बॅटरी 'अजून चालते' म्हणणाऱ्याला तो टीममधून काढायला निघाला होता. हॉस्टेलवर चार्जिंगला लावून झोपायचं नाही, हा त्याचा पहिला नियम. तो मोडला की तो ओरडत नाही, नुसता रात्रभर चार्जरशेजारी खुर्ची टाकून बसतो. पोरांना शरमेनं झोप लागत नाही.

या माणसाला हे वेड लागलं बालेवाडीत. एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेची स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. आपल्याकडून त्यात दूरदर्शन असतं. खेळ यजमान देश ठरवतो, पुष्कळदा आपल्या मातीतला. २००८ साली पुण्यात झाली तेव्हा विषय होता 'गोविंदा', म्हणजे यंत्रांची दहीहंडी. त्या वेळी हा शाळेत होता. २०१४ साली ती पुन्हा बालेवाडीत आली. आई-बाबा रोबोटनं पिल्लू रोबोटला सीसॉ, झोका आणि जंगल जिमवर न्यायचं, असा खेळ होता, व्हिएतनामचं लाक होंग विद्यापीठ जिंकलं. बारावीतला बीपदादा प्रेक्षकांत होता. लोक झोका बघत होते, हा म्हणे वायरी बघत होता. या कथेत दर वर्षी एक वायर वाढते.

२०२२ साली स्पर्धा दिल्लीत होती आणि खेळ होता लगोरी. बीपदादानं घरी सुट्टी टाकल्याचं सांगितलं. आई म्हणाली, "चांगली नोकरी सोडून लगोरी खेळायला दिल्लीला?" यानं तिला नियम समजावले. तिनं भाजी निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "मग फार जोरात मारू नका. लगोऱ्या लांब उडतात आणि रचायला धावावं लागतं." यानं चेंडू फेकणाऱ्या मोटरचा वेग त्याच रात्री फोन करून कमी करायला लावला. हे तो कबूल करत नाही. मला टीममधल्या मुलांनी सांगितलं.

अलीकडे राष्ट्रीय फेरी दिल्लीला असते, म्हणजे रोबोट पेटीत आणि पेटी रेल्वेत. निघण्यापूर्वी बीपदादा सगळ्या बाजूंनी फोटो काढायला लावतो, कारण दिल्लीत पोचल्यावर 'ही निळी वायर कुठली?' हा प्रश्न पडतोच पडतो. गाडीच्या थरथरीनं स्क्रू सैल होतात, म्हणून उतरल्यावर पहिलं काम नेलपॉलिशच्या रेघा बघणं. आणि निघण्याच्या आदल्या रात्री कोडला हात लावायचा नाही. कोडवाला पोरगा दर वर्षी "एकच ओळ आहे, दादा," म्हणतो. दादा त्याचा लॅपटॉप स्वतःच्या बॅगेत घालून घरी घेऊन जातो.

स्टेडियममध्ये सरावाची वेळ मिळते तेव्हा बाकीच्या टीम रोबोट पळवून बघतात. आमच्या टीमला हा आधी लाइन सेन्सर पुन्हा जुळवून घ्यायला लावतो. वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली पांढरं दिसणारं पांढरं आणि स्टेडियमच्या झगमगाटातलं पांढरं सेन्सरला एकच वाटत नाही. भोवती काळ्या कागदाचं झाकण, जमिनीपासूनची उंची कायम. खेळ बहुतेक वर्षी तीन मिनिटांचा, मांडणीला मिळतं एक मिनिट. त्या एका मिनिटाची रंगीत तालीम तो हॉस्टेलच्या व्हरांड्यात घेतो: कोण कुठला कोपरा उचलणार, कोण मेन स्विच लावणार, कोण नुसता उभा राहून गप्प बसणार. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड, असं त्याचं म्हणणं. चालकाच्या सरावाला तो चार पोरांना कानाशी ओरडायला उभं करतो. रेक्टरांनी एकदा रॅगिंगच्या संशयावरून चौकशी केली होती. तिथेही सही माझीच.

बाहेरच्या जगात मात्र त्याचं कठीण आहे. घरच्या मिक्सरची वायर दोन वर्षं चिकटपट्टीवर चालू आहे. स्वतःच्या लग्नात अक्षता पडत असताना तो मंडपाच्या खांबाकडे बघत होता. नंतर कळलं की लाइटच्या माळेची वायर नुसती लोंबत होती आणि याला ती बांधल्याशिवाय चैन पडत नव्हती. नवरी इलेक्ट्रिकलची, म्हणून निभावलं.

गेल्या वर्षी प्राचार्यांनी त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. शाल, श्रीफळ, हॉल भरलेला. मला वाटलं, चला, आता तरी फेरूलचं महत्त्व चारशे पोरांना कळेल. बीपदादा ब्लेझर घालून आला. पहिल्या स्लाइडवर रॉकेट, दुसऱ्या स्लाइडवर 'पॅशन', तिसऱ्यावर 'इनोव्हेशन'. स्वप्नं मोठी बघा, चौकटीबाहेर जा, अपयशाला घाबरू नका. अर्ध्या तासात वायर हा शब्द आला नाही. मागच्या रांगा झोपल्या. तेवढ्यात प्रोजेक्टर बंद पडला आणि प्रमुख पाहुणे ब्लेझरसकट टेबलाखाली गेले. तिथून आवाज आला, "एक्स्टेन्शन बोर्डाची पिन सैल आहे, हे बघा, पत्ती पसरलीय, म्हणून ठिणगी पडते, म्हणून ती तापते…" पहिल्या दोन रांगांतली पोरं उठून टेबलाखाली वाकली. चार-पाच मिनिटं सुंदर व्याख्यान झालं. मग प्रोजेक्टर लागला, पाहुणे कपडे झटकत वर आले आणि म्हणाले, "तर मित्रांनो, इनोव्हेशन…"

तुमच्या कॉलेजातही असा कुणीतरी शनिवारी 'सहज' येत असेल. त्याला वर्कशॉपची किल्ली द्या, ऑसिलोस्कोप कपाटाबाहेर काढून द्या, नेलपॉलिशचं बिल मंजूर करा. माइक तेवढा देऊ नका.