तेरावा मुद्दा

घानामधल्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर प्रार्थना, स्वागत, अध्यक्षांचं प्रास्ताविक, अध्यक्षांचा समारोप आणि पुन्हा प्रार्थना असे कितीही मुद्दे छापलेले असोत, तेरावा मुद्दा कधी छापत नाहीत. तो सगळ्यांना पाठ असतो. 'आयटम थर्टीन' म्हणजे खाणं. आपल्याकडे तेरावं माणूस गेल्यावर घालतात, तिकडे चर्चा गेल्यावर.

हे मला डॉकनी शिकवलं. नोकरीनिमित्त आक्रात गेलो त्या पहिल्याच महिन्यात एका कार्यशाळेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ येऊन बसले. अंगात कडक इस्त्रीचा सुती झब्बा, गळ्यात आजचं ओळखपत्र, त्याखाली परवाच्या कार्यशाळेचं ओळखपत्र, आणि काखेत फुगलेली फाइल. "कुठून आलात?" पुणे म्हटल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "सी-डॅक! माझ्या भावा!" मी सी-डॅकच्या दारावरून रिक्षाने जाण्यापलीकडे त्या संस्थेशी कधी संबंध ठेवलेला नाही. पण आक्रात 2003 साली भारत सरकारच्या सहकार्याने कोफी अन्नान यांच्या नावाचं माहिती तंत्रज्ञान केंद्र उभं राहिलं, त्यात पुण्याच्या सी-डॅकचा हात होता, आणि तेवढ्या पुण्याईवर डॉकनी मला भाऊ करून टाकलं.

सगळे त्यांना 'डॉक' म्हणत. कशातले डॉक्टर, हे विचारायचं नसतं. मी विचारलं. "धोरणात," ते म्हणाले.

ते धोरण म्हणजेही 2003 चंच. वेगवान विकासासाठी माहिती तंत्रज्ञान असा त्याच्या नावाचा अर्थ. शेती आणि कोकोवर चालणारा देश ज्ञानावर चालणारा करायचा, असा एकूण बेत होता, आणि त्यासाठी चौदा खांब ठरवले होते: शिक्षण, शेती, आरोग्य, सरकारी कारभार, खेड्यापाड्यांत संगणक वगैरे. प्राध्यापक क्लेमेंट झिडोनू यांच्या समितीने ते तयार केलं. डॉक मात्र "आम्ही लिहिलं" असंच म्हणत. पुरावा म्हणून फाइलमध्ये सल्लामसलतीच्या एका बैठकीचा फोटो होता. तिसऱ्या रांगेत, सभागृहाच्या खांबाआडून एक कान आणि अर्धा चष्मा दिसे. तो कान डॉकचा. चौदा खांबांचं धोरण त्यांनी पंधराव्या खांबाआडून लिहिलं होतं.

पण पाठांतर अस्सल. आपल्याकडे एखाद्याला अथर्वशीर्ष मुखोद्गत असतं तसे त्यांना चौदा खांब. कोणत्याही परिसंवादात, विषय मधमाशीपालन का असेना, ते हात वर करत. "सर्व शिष्टाचार पाळले आहेत असं समजून," अशी सुरुवात. (हे वाक्य तिकडे प्रत्येक वक्ता म्हणतो. आपल्याकडेही सुरू झालं तर 'व्यासपीठावरील मान्यवर' वाचण्यात जाणारी वीस मिनिटं वाचतील, पण व्यासपीठावरचे ते होऊ देणार नाहीत.) मग "मला प्रश्न नाही, फक्त एक भर घालायची आहे." ती भर सहाव्या खांबापर्यंत पोचेस्तोवर अध्यक्ष घड्याळाकडे बघत.

त्यांचं एकच दुःख होतं. याच झिडोनूंनी रवांडाच्या धोरणालाही हात लावला होता आणि जग उठता-बसता नाव घेई ते रवांडाचं. "गवंडी तोच," डॉक खिन्नपणे म्हणत, "आणि वास्तुशांतीची आमंत्रणं मात्र त्यांच्या घरची."

एकदा एका जिल्ह्याच्या गावी आम्ही माहिती केंद्र बघायला गेलो. इमारत छान होती, पाटी होती, संगणक होते. खिडकीच्या गजांतून बघितलं, प्रत्येकावर पलंगपोस घातलेला. कुलपाची किल्ली ज्याच्याकडे तो अंत्यविधीला गेला होता. शनिवार होता, आणि घानात शनिवारी निम्मा देश उरलेल्या निम्म्याच्या अंत्यविधीत असतो. डॉकनी आंब्याखाली उभं राहून खेड्यापाड्यांतल्या संगणकाचा खांब आम्हा पाचजणांना समजावून सांगितला.

समोरच रस्त्याकडेला पिवळ्या छत्रीखाली, लाकडी टपरीत एक बाई बसली होती. ती 'मोमो'वाली. मोबाइलवरून पैसे पाठवायची ही सोय 2009 पासूनची. स्मार्टफोन लागत नाही, बँकेत खातं लागत नाही. साध्या बटणांच्या फोनवर आकडे दाबायचे, पैसे गेले. एक टोमॅटोवाली तिच्या टपरीशी उभी राहून टेचीमानच्या घाऊक व्यापाऱ्याचे पैसे भागवत होती. पाठीला बांधलेलं पोर झोपेतून हलायच्या आत तिचा व्यवहार झाला. मी म्हटलं, "डॉक, तुमचा खांब तिथे चालतो आहे." त्यांनी बराच वेळ बघितलं. "चांगलं आहे," म्हणाले, "पण हिला कोणत्या खांबात घालायचं?"

स्वतः डॉक रोखीचे भोक्ते. कार्यशाळा संपली की येण्याजाण्याचा भत्ता तपकिरी पाकिटात मिळे, त्याला 'टी अँड टी' म्हणतात. डॉक चालत आले असले तरी त्यांचा टी अँड टी दूरच्या गावाहून येई. मग एका आयोजकाने जाहीर केलं की यापुढे भत्ता मोमोवर. डॉक संतापले. डिजिटल घानासाठी वीस वर्षं घसा कोरडा केलेल्या माणसाच्या घरी डिजिटल घाना असा न विचारता शिरला होता. "पाकिटाला वजन असतं," ते म्हणाले.

त्यात सरकारने मोबाइलच्या व्यवहारांवर कर बसवायचा ठरवला. डिसेंबर 2021 मध्ये त्यावरून संसदेत खासदारांची प्रत्यक्ष हातघाई झाली. डॉक तिला 'भागधारकांशी सल्लामसलत' म्हणत. 1 मे 2022 पासून शंभर सेदीवरच्या पाठवणुकीला दीड टक्का लागू झाला. आता डॉकना वाचा फुटली. हा कर गरिबांना पुन्हा रोखीकडे ढकलेल, असं ते प्रत्येक सभेत सांगू लागले. सांगत होते ते खरंच होतं, म्हणूनच मला हसू आवरत नसे. आयुष्यात पहिल्यांदा ते फाइल न उघडता बोलत होते. 2025 मध्ये तो कर रद्द झाला. डॉक श्रेय घेतात. घेऊ देत, खासदारही घेतात.

मला भाऊ मानण्याचं खरं कारण कळायला दीड वर्ष लागलं. तेराव्या मुद्द्यात बहुधा खिम्याचा मीट पाय आणि माल्टची बाटली असे. मी शाकाहारी. डॉक दर वेळी माझ्याच शेजारी बसत, दर वेळी माझा पाय हलक्या हाताने आपल्या कागदी बशीत ओढत आणि म्हणत, "पुण्याचे लोक संयमी."

त्यांना मी एकदाच मनापासून मानलं. मार्च 2024 मध्ये आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याजवळ समुद्राखालच्या चार केबल तुटल्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या कित्येक देशांचं इंटरनेट आडवं झालं. त्या दिवशी आमची कार्यशाळा होती, विषय अर्थातच डिजिटल भविष्य. परदेशी पाहुणे पडद्यावरून बोलणार होते. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. सादरीकरणं सगळी दूर कुठेतरी साठवलेली, ती उघडेनात. मंत्रालयातले तरुण अधिकारी फोन खिडकीबाहेर धरून उभे होते. तेव्हा डॉक उठले. फाइल बंदच ठेवली. पाऊण तास ते चौदाही खांबांवर बोलले. कुठला उभा राहिला, कुठला कागदावर राहिला आणि कुठल्याला पैसेच मिळाले नाहीत, हे एकेक करून सांगितलं. केबल खूप असून उपयोग नाही, त्या सगळ्या एकाच घळीतून जात असतील तर एक दरड पुरते, हेही सांगितलं. सभागृहात कोणी घड्याळ बघितलं नाही. त्या दिवशी त्यांना माझा मीट पाय मी स्वतः नेऊन दिला.

आता मी पुण्यात आहे. जुन्या धोरणाची मुदत सरली, डिजिटल अर्थव्यवस्थेचं नवं धोरण आलं. डॉकचा फोन आला. नव्या धोरणात काय आहे विचारलं, तर म्हणाले, "अजून पाठ व्हायचं आहे." आवाज जरा पडलेला वाटला. बैठका कशा चालल्यात म्हटलं.

"तुझ्या खुर्चीवर हल्ली एक डच पाहुणे बसतात," डॉक म्हणाले. "ते मांस खातात."