शून्याचं बिल

"अगं, कपडे वाळत घालून झाले की ये जरा इकडे. समोरच्या कोठीत काय झालं ते कळलं का?"

काकूंची सुरुवात नेहमी अशीच, सामायिक भिंतीवर कोपर टेकून. पत्ता सांगताना आम्ही चंदीगड म्हणतो खरं, पण सेक्टर ६७ मोहालीत, म्हणजे वीज पंजाबची. आणि आमच्या निम्म्या गप्पांचं मूळ तिथेच आहे.

"वरच्या भाडेकरूंचे सहाशे सात युनिट झाले! सात युनिटांपायी सगळं बिल बोकांडी."

१ जुलै २०२२ पासून इथे घरगुती वीज महिन्याला ३०० युनिटपर्यंत माफ आहे. बिल दोन महिन्यांचं, म्हणून ६००. सर्वसाधारण ग्राहकाने ती रेघ ओलांडली की पैसे वरच्या सातांचे नाहीत, पहिल्या युनिटपासून. अनुसूचित जातींच्या कुटुंबांना मात्र फक्त वरच्यांचे.

"त्याचं एवढं नाही गं. भरायची तारीख उलटल्यावर कळलं त्यांना!"

"अगंबाई! कागद नव्हता का मिळाला?"

"मीटरवाल्याने फाटकात खोचला होता की. तो मशीनमधून सर्रकन निघणारा गुळगुळीत कागद. उन्हात राहिला, अक्षरं उडाली. मेसेज जातो घरमालकाला, आणि घरमालक बसलाय ब्रॅम्प्टनला. तिकडे मध्यरात्री टिंग वाजलं तर तो काय उठून बघणार?"

मला विचाराल तर दोष ना कागदाचा, ना कॅनडाचा. गीझर बंद झालेला, एसीवरची चादर अजून निघायची, तेव्हा शून्याचं बिल येतं. शून्याकडे कोण बघतं? बघायची सवयच मोडते, आणि मग मे-जूनचं बिल येऊन दाराशी उभं राहतं. गावी महावितरणचं बिल दर महिन्याला यायचं. कटकट होती, पण विसर पडत नव्हता.

काकूंना हे सांगावं लागत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर एकादशीखाली, चतुर्थीखाली पेन्सिलीने मीटरचे आकडे असतात. वरच्या समासात खाते क्रमांक, म्हणजे घरमालकाचं तोंड न बघता फोनवरून भरता येतं. ३० सप्टेंबरला लाल गोल, घरपट्टीवरच्या दहा टक्के सुटीसाठी.

"पहिल्या महिन्यात ३४० झाले ना, तर दुसऱ्यात २६० वर भागवायचं. मग काकांचा बिछाना माझ्या खोलीत. घोरतात मेले, पण एसी एकच चालतो."

"आणि कोपऱ्यावरच्यांचं काय म्हणत होतात मघाशी?"

काकूंनी आवाज खाली आणला. "सासू-सुनेची चूल वेगळी दाखवून दुसरं मीटर घेतलंय म्हणे. दोघी जेवतात एकाच कुकरमधलं!"

"मग चांगलंय की, बाराशे झाले."

"कसलं चांगलं? आता सुनेचे ५८० झाले की सासू तिच्या मजल्यावरचा एसी बंद करते आणि 'पुत्तर, आज माझ्याकडेच झोप' म्हणते. चार वर्षांत एवढं लाडाने बोलली नव्हती बाई!"