मान वर न करता दवाखाना कसा चालवावा
(नवशिक्या डॉक्टरांसाठी सहा धडे)

पालघरच्या किनाऱ्यावर वाढवण, वरोर, चिंचणी या पट्ट्यात नवा दवाखाना टाकणाऱ्या डॉक्टरला पेशंटची चिंता नसते. पेशंट येतातच. जाळी ओढून खांदा धरलेले नाखवे येतात, दिवसभर डायवर, म्हणजे धातूच्या साच्यावर, बारीक काम करून मान आखडलेले कारागीर येतात, चिकूच्या वाडीतून ताप घेऊन मजूर येतात, आणि या सगळ्यांच्या सोबत आलेली, ‘माझंही जरा बघा’ म्हणणारी एक मावशी असतेच. चिंता असते ती कायम गर्दीत कसे बुडून राहायचे याची. मोकळा बसलेला डॉक्टर गावाला आवडत नाही, आणि डॉक्टरला तर मुळीच नाही. त्यासाठी हा अभ्यासक्रम.

साहित्य: एक गाळा, दोन बाकडी, एक पडदा, सलाइनचे चार स्टँड, बीपी मोजता येणारी पण मोजू न दिलेली एक सिस्टर, आणि पाटीवर ठळक आकड्यांत तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर.

धडा पहिला: वेळ ठरवून देऊ नका.
‘कधीही या’ म्हणा. मग सकाळी सातलाच पायरीवर चपलांची रांग लागते आणि चपलांचे मालक समोरच्या टपरीवर चहा पीत बसतात. नऊला दार उघडले की निळी स्लिपर तुटक्या सँडलच्या पुढे होती की मागे, यावर भांडण जुंपते. ते सोडवायला डॉक्टरने जातीने बाहेर यावे. नंबर लिहायला लागणारी शंभर पानी वही गावातल्या दुकानात मिळते, म्हणून त्या दुकानाकडे फिरकू नये. २०१७ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये आलेल्या जगभरच्या आढाव्यात एका पेशंटला मिळणारा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे निघाला. आपले ध्येय ४८ सेकंदांचे ठेवावे.

धडा दुसरा: सगळे स्वतः करा.
केसपेपर, औषधांच्या खोक्यांवरची एक्सपायरी, पिवळ्या-लाल पिशव्यांत कचरा वेगळा करणे, क्षयरुग्णाची निक्षय पोर्टलवर नोंद, लाइट बिल, सगळे. सिस्टरने चुकून बीपी मोजलाच, तर तिच्यादेखत तो पुन्हा मोजा. दोनदा असे केले की ती तिसऱ्यांदा यंत्राला हात लावणार नाही आणि तुम्ही घरी जाऊन ‘आजकाल माणसंच मिळत नाहीत’ असे म्हणायला मोकळे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळांची तपासणी आणि उपचार शिकवले. त्या ३९ गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. असले काही नवशिक्याने वाचू नये. आपल्यावाचून अडत नाही अशी शंका येऊ लागते.

धडा तिसरा: सलाइनच्या बाटलीला नाही म्हणू नका.
‘अशक्तपणा आलाय, बाटली लावा’ असे पेशंट म्हणाला की लगेच लावा. जेवता-पिता येणाऱ्या माणसाला तिची गरज नाही, हे समजावण्यात पाच मिनिटे जातात. बाटली तासभर खाट अडवते, अधूनमधून शीर सुजते, नातेवाईक ‘संपत आली, संपत आली’ म्हणून तीनदा आत डोकावतात आणि शेजारचा पेशंट ‘मला का नाही?’ विचारतो. तरीही पाच मिनिटे वाचली, असेच समजावे. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही, ही माहिती कोणाला देऊ नये. वर्षभरात गाव तुम्हाला ‘बाटलीवाले डॉक्टर’ म्हणू लागले की धडा पक्का झाला.

धडा चौथा: फोन उचला.
छातीत कळ आल्याचा फोन आणि ‘गोळी जेवणाआधी की नंतर?’ हा फोन एकाच नंबरवर घ्या. पाटीवर रुग्णवाहिकेचा १०८ नंबर लिहू नका. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर उलटा काढलेला रक्ताचा रिपोर्ट आला, तर मोबाइल फिरवून वाचा आणि तिथल्या तिथे उत्तर द्या. उद्या बाराला दुसरा येईल.

धडा पाचवा: सुट्टी घेऊ नका.
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. माशांची वीण व्हावी म्हणून सरकार हुकूम काढते आणि होड्या किनाऱ्यावर चढतात. या काळात नाखव्यांचा खांदा सुधारतो. त्यावरून आपल्यालाही काही सुचू देऊ नये. सुट्टीचा हुकूम पापलेटासाठी आहे, डॉक्टरसाठी नाही. रविवार उरलाच, तर डहाणू रोडहून लोकल पकडून मुंबईला परिषदेला जावे आणि तिथे तणावमुक्तीवरचे भाषण डुलक्या घेत ऐकावे.

धडा सहावा: वर मजला चढवा.
३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. प्रकल्प ७६,२२० कोटींचा. गावातली भिंत ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ म्हणते, जमिनीचा दलाल ‘आता बघा कशी गर्दी होते’ म्हणतो, आणि पेशंट जीभ बाहेर काढल्या काढल्या विचारतो, ‘डॉक्टर, तुमचं मत काय?’ मत काहीही असो, दलालाचे ऐकून कर्ज काढावे. हप्ता सुरू झाला की दवाखाना लवकर बंद करण्याचा विचार पुन्हा मनात येत नाही.

परीक्षा: मुलाची इयत्ता न अडखळता सांगता आली तर तुम्ही नापास. पेशंटला ‘रोज अर्धा तास चाला’ सांगताना स्वतःला हसू आले नाही तर पास.

उत्तीर्णांसाठी बक्षीसही ठरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ साली जाहीर केले की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. हेच आकडे सिगारेटचे असते, तर पेशंटला दाखवून आपण ती सोडायला लावली असती.

ज्यांना नापास व्हायचे आहे त्यांच्यासाठी अभ्यासक्रम फार छोटा आहे. वही आणा, बीपी सिस्टरला मोजू द्या, पाटीवर १०८ लिहा. आणि गुरुवारी संध्याकाळी दवाखाना बंद ठेवा. दारावर तशी पाटी लावा, पण पाटीवर कारण लिहू नका.