तीस म्हणजे तीस

राऊटरकाकांना तुम्ही ओळखता. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, तुमच्याकडे कदाचित तळमजल्यावर राहत असतील. पण लेंगा, सदरा, खिशात टेस्टर आणि कपाळावर चढवलेला चष्मा एवढं जुळलं की माणूस तोच. फोनवर वायफायची खूण पूर्ण दिसते, तिच्या शेजारी एक उद्गारचिन्ह असतं आणि खाली ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे लागलंय, पण काही उपयोग नाही. अशा वेळी घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘‘काकांना बोलव.’’ लगेच दुसरं कोणीतरी म्हणतं, ‘‘नको रे बाबा, ते मोजतील.’’

आणि ते मोजतातच. राऊटरचं नुसतं बटण बंद केलेलं काकांना चालत नाही. प्लग भिंतीतून उपटायचा, हातात धरायचा आणि एकपासून तीसपर्यंत मोठ्यानं मोजायचं. सेकंदाच्या हिशेबानं नव्हे, काकांच्या हिशेबानं. मध्ये कोणी तोंड उघडलं की पुन्हा एकपासून. वरच्या वहिनींनी एकदा बाविसाव्या आकड्याला विचारलं, ‘‘काका, चहात साखर किती?’’ काका वैतागून म्हणाले, ‘‘एक, दोन, तीन, चार…’’ वहिनी सातव्या चमच्यापर्यंत घालत गेल्या.

तीसच का, यावर काकांचं शास्त्र तयार आहे. अ‍ॅडॅप्टरच्या पोटात कपॅसिटर असतो, त्यात वीज साठलेली असते, ती पुरती उतरली पाहिजे. चौथ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, ‘‘काका, दहा सेकंद पुरतात.’’

‘‘कितव्या वर्षाला आहेस?’’

‘‘दुसऱ्या.’’

‘‘मग दहापर्यंतच शिकवलं असेल,’’ असं म्हणून काकांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

पण कळस झाला तो तिसऱ्या मजल्यावरच्या सत्यनारायणाला. मुलगा न्यू जर्सीत, तो व्हिडिओ कॉलवर कथा ऐकणार, आणि नेमकं तिसऱ्या अध्यायात पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र आलं. काका पंक्तीची वाट पाहत बसलेलेच होते. प्लग उपटला गेला. गुरुजींना थांबवण्यात आलं. शिरा गार होतोय, निरांजनात तूप संपत आलंय, चाळीसेक माणसं श्वास रोखून बसली आहेत आणि काका ‘पंचवीस, सव्वीस’ करत चालले आहेत. सत्तावीसला गुरुजींना राहवलं नाही. सवयीनं ते म्हणाले, ‘‘बोला, सत्यनारायण महाराज की…’’ सगळी खोली ‘‘जय!’’ म्हणून गरजली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘‘एक.’’

आता न्यायानं बोलायचं तर काकांना त्यातलं कळतं. आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘‘एकट्याचंच गेलंय की घरातल्या सगळ्यांचं?’’ अर्धं निदान त्यातच होतं. सगळ्यांचं गेलं असेल तर घोडं राऊटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे अडलंय. एकाचंच गेलं असेल तर त्या फोनमध्ये. ‘‘वायफाय म्हणजे नळ,’’ ते म्हणतात. ‘‘टाकीत पाणी नाही, म्हणून नळाला काय शिव्या घालता?’’ अँड्रॉइड फोन नेटवर्कला जोडला गेला की गुगलच्या एका सर्व्हरला हाक मारतो, तिकडून २०४ एवढाच आकडा आला की समजायचं पोच मिळाली, द्यायला मजकूर काही नाही. तो आकडाही आला नाही की फोन ते उद्गारचिन्ह लावतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मग ते विचारतात, ‘‘रिचार्ज कधी संपतोय?’’ इथे भल्याभल्यांचे चेहरे उतरतात.

पहिल्या मजल्यावरच्या आजींचा किस्सा तर बघण्यासारखा होता. मुलानं दिलेला जुना फोन, त्यात सिमकार्ड नाही, सगळी भिस्त वायफायवर. सुनेचा फोन धडधडीत चालतोय आणि आजींचं कीर्तन काही लागत नाही. काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला, वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. बॅटरी पार तळाला गेली होती आणि चार्ज करून सुरू केल्यावर फोन १ जानेवारी १९७० या तारखेवर जाऊन बसला होता. वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच चालतात. १९७० सालच्या फोनला ती सगळी अजून जन्माला यायची असतात, त्यामुळे तो कोणावरच विश्वास ठेवत नाही. ‘‘आजी, तुमचा फोन १९७० साली गेलाय,’’ काका म्हणाले. ‘‘अगंबाई,’’ आजी म्हणाल्या, ‘‘त्याच साली मी या घरात आले!’’ काकांनी तारीख दुरुस्त केली, कीर्तन सुरू झालं. तेवढ्यावर निघावं की नाही? नाही. राऊटरचा प्लग काढला आणि कीर्तन बंद करून तीस मोजले.

राऊटरवरचा ‘लॉस’ नावाचा दिवा लाल असेल, तर फायबरमधून उजेडच येत नाही. म्हणजे कुठेतरी वायर तुटली किंवा निसटली. आमच्याकडे रस्ता बारमाही खणलेला, त्यामुळे हा दिवा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यावर जगातल्या कोणत्याही आकड्याचा उपाय नाही. तरीही काका मोजतात. ‘‘काका, लाल दिवा दिसतोय ना, मग मोजता कशाला?’’ असं मी एकदा विचारलं. ‘‘अरे, चहा व्हायला वेळ लागतो,’’ ते म्हणाले, आणि अर्थातच पुन्हा एकपासून.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. फोनसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं थांबायची, त्या काळातले ते लाइनमन. घरी डायल टोन वाजला की लोक काकांच्या हातावर पेढा ठेवत. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं, तेही टेलिफोनच्या तारेवरूनच. त्या मोडेमची किरकिर, शीळ आणि खरखर काका अजून तोंडानं काढून दाखवतात, पोरं हसून लोळतात. मग एकेकानं लँडलाइन परत केली. जिन्याखालच्या डीपी बॉक्सचं दार मोडलंय. आत तांब्याच्या कोणत्या जोडीचा कोणता फ्लॅट, ते काकांच्या बारीक अक्षरात पेन्सिलनं लिहिलेलं आहे. त्यातली अर्धी घरं विकली गेली, काही माणसंही गेली. जिवंत जोडी एकच, काकांच्या घरची. तिच्यावर कोणाचा फोन येतो, हे काकूंनाही माहीत नाही. ती चालू आहे की नाही, हे बघायला काका रोज सकाळी रिसीव्हर उचलून कानाला लावतात.

आणि ज्या कंपन्या महिन्याच्या महिन्याला पैसे घेतात, त्यांचं काय? तिथे फोन केला की आधी एक दाबा, मग चार दाबा, मग एक गोड आवाज सांगतो, राऊटर बंद करून पुन्हा सुरू करा. सल्ला काकांचाच; फक्त तीस मोजायला तिथे कोणी थांबत नाही. राऊटरवर लाल दिवा पेटलेला असतानाच ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज येतो, आणि तो मेसेज मोबाइल डेटावर वाचावा लागतो. परवा वहिनींनी तिसऱ्यांदा तक्रार नोंदवली, तेव्हा पलीकडचा मुलगा अत्यंत आपुलकीनं म्हणाला, ‘‘मॅडम, तुमच्या बिल्डिंगमध्ये ते काका आहेत ना? त्यांना दाखवलंत का?’’

तेव्हा एक विनंती. काकांना हाक मारण्याआधी रिचार्ज संपलाय का ते बघा, फोनची तारीख बघा, दिवा लाल आहे का तेही बघून घ्या. त्यांचे गुडघे दुखतात आणि आमची लिफ्ट निम्मा वेळ बंद असते. त्यातूनही बोलावलंच, तर चहात साखर घालू नका. मागतील, तरी घालू नका. काकूंचा सोसायटीभर तसा निरोप आहे.