रस्सा राखून खा

जपानात प्रत्येक गावाला वाटतं, खरं रामेन आमचंच. बाकीचे उगीच शेवया उकळतात. मिसळीवरून भांडत वाढलेल्या आम्हा दोघा मावसभावांना हे लगेच पटलं.

किताकाताला काही दुकानं सकाळी सातलाच उघडतात आणि जाड, कुरळ्या शेवयांचं वाडगं संपवून लोक कामाला जातात. तोयामाचं रामेन काळंकुट्ट आणि भयंकर खारट. १९४५च्या हवाई हल्ल्यात जळालेलं शहर पुन्हा उभारणाऱ्या मजुरांना भाताशी खायला, घामातून गेलेलं मीठ भरून काढायला ते निघालं. आम्ही एसी गाडीतून उतरून खाल्लं आणि रात्रभर पाणी पीत बसलो. सापोरोच्या मिसो रामेनवर काही ठिकाणी चरबीचा असा थर असतो की वाफ वर येतच नाही. 'वाफ नाही म्हणजे निवलंय' असं म्हणत भावाने जोरात भुरका मारला. पुढे बराच वेळ तो एक शब्द बोलला नाही. सापोरो मला फार आवडलं.

पण खरी परीक्षा फुकुओकात, म्हणजे हाकाताच्या रामेनची. डुकराची हाडं तासन्‌तास खळखळ उकळून काढलेला पांढराशुभ्र, दाट रस्सा. दुकान वासावरूनच सापडतं, पत्ता विचारावा लागत नाही. शेवया बारीक, आणि त्या किती शिजवायच्या हे गिऱ्हाइकाने सांगायचं: मऊ, नेहमीच्या, कडक, त्याहून कडक. त्यापुढे 'हारिगाने', म्हणजे तार. त्याच्याही पुढे 'कोनाओतोशी': नुसतं पीठ झटकण्यापुरतं पाणी दाखवायचं. शेजारच्या म्हाताऱ्याने तार मागवली. कवळी असलेला माणूस तार खातो म्हटल्यावर भावाने थेट पीठझटकी मागितली आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावला.

बारीक शेवया रश्शात लगेच मऊ पडतात, म्हणून इथे आधी थोड्याच वाढतात. संपल्या की 'काएदामा' म्हणायचं. उरलेल्या रश्शात शेवयांचा नवा गोळा पडतो. नागाहामाच्या मासळीबाजारातल्या घाईच्या माणसांसाठी ही सोय सुरू झाली. अट एकच, रस्सा उरवायचा. पानात काही टाकायचं नाही या संस्कारात वाढलेल्या भावाने वाडगं तोंडाला लावून तळ गाठला, ओठ पुसले आणि ऐटीत हाक दिली, "काएदामा!"

मालकाने वाडग्यात डोकावलं, मग भावाकडे पाहिलं, आणि कोरड्या वाडग्यात शेवया टाकून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. भावाने टेबलावरचं लाल आलं, तीळ आणि मोहरीच्या पानांचं तिखट लोणचं त्यावर उपसलं.

"रश्शाने चव मरते रे," तो म्हणाला.