डॉ. (लवकरच)

डॉक्टर व्हायचं असेल तर माणसानं बारावीतच ठरवावं. चाळिशीत ठरवलं की पीएचडी करावी लागते.

मी एमपीटी आहे. साडेचार वर्षं बीपीटी, त्यावर आणखी दोन वर्षं, एवढी फिजिओथेरपी शिकून मी नाशकात दवाखाना थाटला आणि गल्लीनं मला ‘शेकवाली’ करून टाकलं. ‘शेकवाल्या ताई कुठं बसतात?’ असं विचारा, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मान वर न करता पत्ता सांगेल. सासूबाईंचं मन मोठं. पाहुण्यांसमोर त्या ‘ही आमची सून, डॉक्टर आहे’ अशी झोकात सुरुवात करतात, आणि पाहुण्यांनी खिशातून रिपोर्ट काढायच्या आत घाईघाईनं जोडतात, ‘म्हणजे तसली नाही.’

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मणक्यात गॅप असतो, उरलेल्यांची गादी सरकलेली असते आणि झाडून सगळ्यांना मशीन हवं असतं. मशीनला दिवे असतात, ते टुंई वाजतं, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. मी हातानं खांदा मोकळा करत असते तेव्हा पेशंटची अशी समजूत असते की बाई मशीन रिकामं व्हायची वाट बघतायत. व्यायाम सांगितला तर चेहरा असा पडतो, की जणू शाळेत गृहपाठ दिला.

तरी हे सगळं मी पोटात घातलं असतं. माझ्या जळफळाटाचं मूळ न्यू जर्सीत आहे. माझ्या वर्गातली एक मैत्रीण, जिला मनगटातली आठ हाडं परीक्षेच्या आदल्या रात्री मी पाठ करून दिली, ती लग्न करून तिकडे गेली. कागदपत्रं तपासून घेतली, तिथली परवाना परीक्षा दिली (२०० ते ८०० अशी मोजपट्टी, ६०० ला पास), नोकरी करता करता घरबसल्या पुढचा अभ्यासक्रम केला आणि एक दिवस व्हॉट्सॲपवर तिच्या नावाआधी ‘डॉ.’ उगवलं. तिकडे ओमाहाच्या क्रायटन विद्यापीठानं १९९३ साली ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ ही पदवी सुरू केली. २००० साली तिथल्या फिजिओंच्या संघटनेनं, वीस वर्षांत सगळा व्यवसाय डॉक्टरांच्या हाती गेला पाहिजे, असं ध्येय ठरवलं, आणि २०१६ पर्यंत तिथले मान्यताप्राप्त अभ्यासक्रम झाडून डॉक्टरकीचे झाले. आता तिथं गुडघ्याला पट्टी गुंडाळणारासुद्धा डॉक्टर, आणि इथं माझं डोकं फिरलेलं.

त्यात मी राहते नाशिकला. राज्यभरातले डॉक्टर, दंतवैद्य, वैद्य, नर्सा आणि फिजिओ ज्याची पदवी घेऊन बाहेर पडतात ते १९९८ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्याच दिंडोरी रोडवर, म्हसरूळला आहे. त्या फाटकावरून मी भाजी आणायला जाते. गंगेवर राहून घरी टँकर मागवावा, तशातली गत.

मधे एकदा वाटलं की सुटले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात फिजिओनं नावाआधी ‘डॉ.’ आणि नावामागं ‘पीटी’ लावावं असं छापलेलं. मी त्याच आठवड्यात पाटीवाल्याकडे गेले. तो हुशार. म्हणाला, ‘ताई, अख्खी पाटी कशाला बदलता? ‘डॉ.’ वेगळं करून देतो, स्क्रूनं बसवू.’ सोनेरी ॲक्रिलिकचं, माझ्या आडनावापेक्षा जरा मोठं ‘डॉ.’ बसलं. ८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिनाला मी त्या पाटीखाली पेढे वाटले. ९ तारखेला दिल्लीच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं की फिजिओंनी ‘डॉ.’ लावू नये, लोकांची दिशाभूल होते. पाटीवाला स्क्रू काढून गेला. १० तारखेला ते पत्र मागं घेतलं. पाटीवाल्याला फोन केला तर म्हणतो, ‘आता जरा थांबून बघू ताई, परवा काय निघतंय.’

हसण्यावारी नेते, पण आतून चीड येते. आपल्याकडे हा व्यवसाय उभा राहिला तो पोलिओमुळे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईत पोलिओची साथ येऊन गेल्यावर, केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. लुळ्या पडलेल्या पोरांना कॅलिपर बांधून, काखेत हात घालून, एक एक पाऊल टाकायला शिकवायचं काम. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा सत्कार झाले ते थेंबांचे, आणि ते व्हायलाच हवेत. पण थेंब येण्याआधी जी पोरं जमिनीवर होती त्यांना कुणीतरी उभं केलं होतं. लोकांची दिशाभूल म्हणे. हा मुद्दा मी लग्नकार्यांत, रिक्षात, पार्लरमध्ये फार तावातावानं मांडते. ते चार स्क्रू मात्र पर्समध्येच असतात, कधी लागतील सांगता येत नाही.

तर सरकारी पत्रांच्या भरवशावर राहण्यापेक्षा कुणालाही उखडता येणार नाही असं ‘डॉ.’ कमवावं, म्हणून पीएचडी. कुठल्या विद्यापीठात ते सांगत नाही. प्रबंध व्हायचाय अजून.

विषय माझ्या मनात पक्का होता: गुडघा. आणि गुडघ्यावर आले की मला थांबवता येत नाही, हे आधीच सांगते. गुडघा हा नाशिकचा कुलाचार आहे. सप्तशृंगगडावर पाचशेच्या आसपास पायऱ्या. ब्रह्मगिरीला पायऱ्या. पांडवलेणीला रोज सकाळी नेमानं चढणारे काका आहेत, ते गुडघ्याच्या दुखण्यासाठी माझ्याकडे येतात आणि गुडघा बरा राहावा म्हणून पांडवलेणी चढतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी असते, वीसेक किलोमीटरची. मंगळवारी माझ्या बाकावर जागा नसते. हरिहर गडाच्या त्या उभ्या कातळपायऱ्या रील पाहून चढणारी पोरं वेगळीच. ती बुधवारी येतात, कारण मंगळवारी त्यांना जिना उतरता येत नाही.

आणि उतरणं हीच तर गोम आहे! लोक चढण्याला भितात. चढताना दम लागतो, पण गुडघा भरतो तो उतरताना. अख्खं वजन एका वाकलेल्या पायावर, मांडीचा स्नायू ब्रेक लावल्यासारखा ताणलेला, आणि त्या ओढीत गुडघ्याची वाटी मागच्या हाडावर दाबलेली. २०१८ साली सप्तशृंगगडावर ट्रॉली सुरू झाली तेव्हा धंदा बसणार म्हणून मी मनातून चरकले होते. नंतर कळलं की धट्टेकट्टे लोक ट्रॉलीनं जातात आणि गुडघे झिजलेल्या आज्या पायऱ्यांनी, कारण नवस पायांचा बोललेला असतो. एका आजींना मी तोडगा काढून दिला: चढून जा, ट्रॉलीनं उतरा. देवीला तुमचं येतानाचं तोंड दिसतं, जाताना काय, पाठच असते. आजींना ते पटलं. माझ्या सबंध कारकिर्दीतला हा सर्वांत यशस्वी सल्ला, आणि तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. २०२७ ला सिंहस्थ आहे. घाटाच्या पायऱ्या, ओले पाय, लाखो गुडघे. माझ्या डोळ्यांसमोर प्रबंधाची जाडीच दिसायला लागली होती.

मार्गदर्शक सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, गुडघ्यावर सगळेच करतात. वेगळं आणा.’

वेगळं म्हणजे खांदा. द्राक्षबागेतल्या बायकांचा. मला वाटलं विषय सोपा आहे, दिंडोरीकडे गाडी काढली की बागाच बागा. शिवाय ‘द्राक्षनगरीतील संशोधन’ असं वर्तमानपत्रात छान दिसेल, फोटोत मागं घड येतील. फोटोसाठी साडी कुठली नेसायची तेही ठरलं होतं.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर विरळणीची आणि डिपिंगची घाई सुरू होते तेव्हा मी बागेत गेले. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका पहाटे पिकअपमधून उतरतात. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. मांडव सहा-सात फुटांवर, बाई पाच फूट. हात वर, मान मागं, आणि कात्रीनं घडातले मणी वेचून काढायचे, एक घड झाला की दुसरा. डिपिंगला जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) पाण्याचा मग वर धरून घड त्यात बुडवायचा. ते पाणी मनगटावरून बाहीत, बाहीतून काखेत उतरतं. काम एकरावर उक्तं, त्यामुळं हात खाली आला की तेवढे पैसे खाली.

माझ्याकडे चार पानी संमतिपत्र होतं. पहिल्या बाईनं विचारलं, ‘सही केली तर रेशन बंद नाही ना होणार?’ वयाचा रकाना आला. ‘मोठी पोरगी झाली तवा पूर आलेला.’ मी अभ्यासूपणे विचारलं, ‘गोदावरीचा, २००८ चा की २०१९ चा?’ ‘गंगेचा नाय बाई, आमच्या पार नदीचा.’ तिथं माझे समावेशाचे निकष वाहून गेले.

मोजायला माझ्याकडे रूला नावाची पद्धत होती, १९९३ सालची. काम करताना हात, मान, पाठ कशी आहे ते बघून एक ते सात गुण द्यायचे. सात म्हणजे ‘ताबडतोब तपासा आणि बदल करा’. मी सात लिहिले. पुढचीला सात. त्या पुढचीला सात. शाळेत असतानाही मी एवढे सारखे गुण लागोपाठ पाहिले नव्हते. संशोधक म्हणून आधी आनंदच झाला, आकडे कसे एका रांगेत! मग लक्षात आलं की ताबडतोब बदल करा, हे सांगायचं कुणाला? वेलीला?

एकीचा उजवा खांदा धरलेला होता. कोनमापक लावला, एकशेदहाच्या वर हात जाईना. नीट खांदा एकशेऐंशीपर्यंत जातो. मी विचारलं, मग काम कसं करतेस? तिनं करून दाखवलं. उजव्या हाताला डाव्यानं वर ढकललं, मनगट मांडवाच्या तारेवर अडकवलं, आणि हात तिथं टांगलेला ठेवून नुसती बोटं चालवत कात्री मारायला लागली. डाव्या हातात घड. चेहऱ्यावर काही नाही. तारेचा वळ मनगटावर काळा पडला होता. माझ्या तक्त्यात तारेसाठी रकाना नव्हता.

मी मुकादमाकडे गेले. दर तासाला पाच मिनिटं हात खाली सोडू द्या, पायाखाली उलटं क्रेट द्या, एवढंच मागितलं. त्याचंही काही चुकत नव्हतं. बागायतदार त्याच्या मानेवर, पाऊस बागायतदाराच्या मानेवर. तो शांतपणे म्हणाला, ‘ताई, पाच मिनिटं म्हणजे किती घड, हिशोब करा.’ मी पीएचडीची विद्यार्थिनी, पण तो हिशोब त्यालाच पटकन आला. क्रेट मात्र त्यानं दिले, कारण बागेत पडलेलेच होते. मी पुन्हा गुण मोजले: सहा. सरांना फोन केला, तर ते म्हणाले, ‘एका गुणाचा फरक? नमुना वाढवावा लागेल.’

फोटो राहिलाच. साडीला जीएचे डाग पडले होते.

जानेवारीत तो मुकादम दवाखान्यात आला. खांदा. रात्री कुशीवर झोपता येत नाही. टेबलावर बसता बसता म्हणाला, ‘डॉक्टर, जरा बघा.’ न सांगता, न शिकवता, ‘तसली नाही’ हे शेपूट न जोडता नाशकात मला डॉक्टर म्हणणारा हा पहिला पुरुष. त्याच्यावरचा माझा सगळा राग तिथल्या तिथं पातळ झाला, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण झाला. हळू आवाजात त्यानं ‘मशीन लावता का?’ असंही विचारलं. मी मशीन लावलं नाही. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम दाखवला, म्हटलं दर तासाला, फक्त पाच मिनिटं.

‘एवढा वेळ कुठं असतो, डॉक्टर?’ तो म्हणाला.

फी मी पूर्ण घेतली.