डबातपासनीस

तुमच्या इमारतीत तो कितव्या मजल्यावर राहतो, मला ठाऊक नाही. आमच्या बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. दुपारी शाळेची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी थांबते, एक मुलगी उतरते आणि हा गृहस्थ मुलीच्या आधी तिच्या हातातली डब्याची पिशवी ताब्यात घेतो. मुलगी दमली का, पडली-बिडली का, हे सगळं नंतर. आधी मुद्देमाल.

मूळचा सोलापूरचा. पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार घेणारा. घरून काम करायची सोय झाल्यापासून ही विद्या चोवीस तास घरातच असते. डब्याचं झाकण जिन्यातच उघडतं. पंचनाम्याला त्याच परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच लागतात, हे त्याने कुठेतरी वाचलंय. तेव्हा जिन्यात सापडणारा मी आणि तळमजल्यावरच्या कन्नड आजी, असे आम्ही कायमचे पंच झालो आहोत. आजींना मराठी येत नाही, माझं कन्नड भाजीवाल्यापुरतं. पंचांचं संगनमत व्हायची भीती नाही.

“लिहून घ्या,” तो म्हणतो. लिहीत कुणीच नाही. “पोळीचे रोल दिले दोन, परत आला दीड. फ्लॉवरची भाजी, तुरे शाबूत, वाटाणे गायब. गाजराचे तुकडे दिले पाच, परत आले पाच.”

मुलगी शांतपणे बूट काढत असते.

“शाळेत काय झालं आज?”

“काही नाही.”

“मधल्या सुट्टीत काय केलंस?”

“काही नाही.”

“बाईंनी काय शिकवलं?”

“काही नाही.”

“बघा,” तो आमच्याकडे वळतो, “साक्षीदार फितूर.”

तेवढ्यात आजी सवयीने विचारतात, “ऊटा आय्ता?” आणि ही फितूर साक्षीदार जेवणाच्या त्या एका प्रश्नावर कन्नडमधून, हातवाऱ्यांसकट, लांबलचक जबाब देते. आजी पदर तोंडाला लावून हसतात. तपासनीस तेव्हा गाजरं पुन्हा मोजत असतो.

पंचनाम्याचे निष्कर्ष रात्री वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातात. तिथे असे आणखी वीसेक तपासनीस दबा धरून बसलेले असतात. एकाने ‘प्रोटीन’ असा शब्द टाकला की दुसरा ‘फायबर’ टाकतो, तिसरा नाचणीचा फोटो टाकतो आणि चौथा, ज्याचा मुलगा सगळं खातो, तो हात जोडलेलं चित्र टाकतो. या चौथ्या इसमाला कुणीच माफ करत नाही. स्वतः हे सगळे पालक दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये काय खातात, याचा पंचनामा अजून कुणी केलेला नाही.

रविवारी तपास जागा बदलतो. गांधी बझारमधल्या विद्यार्थी भवनात तो कुटुंबाला डोसा खायला नेतो. एकदा मीही होतो. तासभर रांगेत उभं राहिल्यावर, हातावर डोशांच्या बशांची चळत रचून चालणाऱ्या वाढप्याने आमच्यापुढे बशा ठेवल्या. मुलीने तो जाडजूड, तुपाने माखलेला डोसा भाजीसकट संपवला आणि बोटं चाटली. बापाचा चेहरा पडला.

“रिकामी बशी. लिहून घ्या.”

“अहो, खाल्लं की तिने! आनंद माना.”

“घरचा का खात नाही मग?”

मी म्हटलं, हे हॉटेल 1943 साली विद्यार्थ्यांसाठीच निघालं होतं. ऐंशी वर्षांत त्यांना थोडा अंदाज आला असेल. त्याने ते मनावर घेतलं. सोमवारी डब्यात डोसा गेला. दुपारपर्यंत त्याचं चामडं झालं आणि तो अखंड परत आला. पंच म्हणून मी सही करायला तयार होतो.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथे कडलेकाई परिषे भरते, शेंगांची जत्रा. बुल टेंपल रोडवर दुतर्फा शेंगांचे ढीग लागतात. गोष्ट अशी सांगतात, की या भागातल्या शेतकऱ्यांच्या भुईमुगाची एक बैल रोज नासधूस करायचा. शेवटी त्यांनी नंदीचं देऊळ बांधलं आणि पहिलं पीक त्याच्यापुढे ठेवायची प्रथा पडली. त्या अखंड दगडातल्या प्रचंड नंदीपुढे उभा राहून तपासनीस मुलीला म्हणाला, “बघ, जो खातो त्याचं देऊळ होतं.” मुलगी म्हणाली, “पण त्याला कुणी डब्यात गाजर दिलं नव्हतं.” आजींना मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पुजाऱ्यासमोरच टाळी दिली.

खरा खटला उभा राहिला जानेवारीत. डबा उघडला, तर पोळी-भाजी संपलेली आणि कोपऱ्यात भलताच पुरावा: तांदळाच्या भाकरीचा तुकडा, त्यात रुतलेला सोललेला हिरवा दाणा.

“हे आपण दिलेलं नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. जिन्यात शांतता पसरली.

आजींनी वाकून पाहिलं आणि ताबडतोब निकाल दिला: “अवरेकाई. अक्की रोट्टी.” थंडीत इथली सगळी घरं त्या दाण्याच्या वासाने भरलेली असतात. दाणा म्हणजे आपला पावटा. भिजवून, एकेक दाबून सोललेला. आपल्याकडे बिरड्याला वाल सोलतात तसा. इतकी मेहनत करणारं घर कुणाचं, हे शोधायला तपासनीस पुढच्या पालकसभेला वेळेआधी हजर झाला. बाकावरच्या मैत्रिणीची आई भेटली. तो काही बोलायच्या आत तिनेच इंग्रजीत तक्रार मांडली: तुमच्या पोळीपायी आमच्या घरात रोज भांडण होतं, इतकी मऊ कशी करता? आणि मंगळवारचं ते भोकाचं थालीपीठ माझ्या मुलीला आठवडाभर आठवतं. देवाणघेवाण गेलं वर्षभर सुरू होती. परत येत होतं ते फक्त दोघींनाही नको असलेलं. म्हणजे गाजर.

त्या संध्याकाळी तो जिन्यात बराच वेळ बसून होता. म्हणाला, “हिला मैत्रीण आहे, हे मला पावट्याच्या दाण्यावरून कळलं.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला प्रोटीनचं काही पडलेलं नाही. सकाळी आठ ते दुपारी तीन मुलगी अशा जगात असते, जिथली भाषा त्याला येत नाही आणि जिथून उत्तर येतं ते ‘काही नाही’ एवढंच. त्या सात तासांचा एकच कागद त्याच्या हाती लागतो, आणि तो स्टीलचा असतो. अर्धा रोल म्हणजे आज तिला खेळायची घाई होती. वरणाचा डाग म्हणजे कुणीतरी धक्का दिला. डबा न उघडताच परत आला, तर त्या दिवशी तो तिला काहीच विचारत नाही. नुसता जवळ बसतो. आणि उरलेलं सगळं, गाजरांसकट, रात्री तोच खातो. मुद्देमालाची ही विल्हेवाट वहिनींनी मला सांगितली. त्याने कधीच सांगितली नसती.

आता ती सहावीत गेली आहे. जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात व्हॅन आली, त्याने पिशवी घेतली, झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. शाळेच्या नळावर स्वच्छ धुऊन, रुमालाने पुसून आणलेला डबा.

“आम्ही सगळ्याच धुतो आता,” ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

“शहाणी झाली,” मी म्हटलं.

“पुरावा नष्ट केला हो,” तो म्हणाला. या वेळी आम्ही दोघे पंच हसलो नाही.

आता तो संध्याकाळी आजींकडे कन्नड शिकायला बसतो. वयाच्या मानाने प्रगती बेताची आहे, पण ‘ऊटा आय्ता?’ स्वच्छ म्हणतो आणि परवा त्याला त्याचं उत्तर चक्क तीन वाक्यांचं मिळालं. तुमच्या इमारतीतल्या तपासनिसाला हसायचं तर खुशाल हसा, तो हसण्यासारखाच असतो. फक्त त्याने पंच म्हणून हाक मारली तर जिन्यात दोन मिनिटं थांबा. मुलं डबा धुवायला फार लवकर शिकतात.